चित्राखालचे नाव

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

यंदाच्या वार्षिकांकाच्या बैठकीत मुखपृष्ठाचा विषय निघाला. एका मित्राने मोबाईलवर चार ओळी लिहिल्या आणि अर्ध्या मिनिटात चित्र तयार झाले. महाविद्यालयाची इमारत, मागे उगवता सूर्य, पुढे पुस्तके घेतलेली मुले-मुली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळी घरी ते चित्र मी आप्पांना दाखवले. त्यांनी ते नीट निरखले आणि विचारले, "ब्येस हाय. कुनी काढलं गं?" मला उत्तर देता येईना.

माझे वडील पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीतली चिन्हे त्यांनी वर्षानुवर्षे रंगवली. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश बाजूला पडला. आता ते घरांना रंग देतात. माझ्या बारावीच्या निकालानंतर चौकात अभिनंदनाचा फलक लागला, तोही फ्लेक्सचाच. आप्पा बराच वेळ त्याखाली उभे राहिले. त्यांना लेकीचा अभिमान वाटत होता, हे खरे. पण ते फलकावरची अक्षरेही पाहत होते, हे मला फार उशिरा कळले.

मित्रहो, मासिकातले चित्र म्हणजे मजकुराच्या कडेची शोभा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ग्रंथालयातले जुने दिवाळी अंक चाळले की तो दूर होतो. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१), रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांच्या चित्रांसाठी लोक अंक विकत घेत. जयवंत दळवी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत. तो ठणठणपाळ दिसतो कसा, हे वाचकांना कळले ते सरवट्यांच्या रेषेमुळे. म्हणजे चित्रकाराने मजकूर सजवला नाही. तो वाचला आणि त्यात स्वतःची भर घातली.

आजचे व्यावसायिक चित्रकारही हेच करतात. नियतकालिकाचा संपादक किंवा कला-संपादक लेख पाठवतो अथवा विषय सांगतो. चित्रकार दोन-चार कच्ची रेखाटने देतो, त्यांतले एक पसंत होते आणि मग पक्के चित्र तयार होते. हे सारे कधी काही दिवसांत, तर दैनिकासाठी कधी काही तासांतच उरकावे लागते. एवढ्या घाईतून काय निर्माण होते पाहा. अमेरिकेतील 'द न्यू यॉर्कर' साप्ताहिकाच्या एप्रिल २०१७ मधील आरोग्यविषयक अंकाचे मुखपृष्ठ मलिका फाव्र या फ्रेंच चित्रकर्तीने केले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेल्या रोग्याला वर काय दिसेल, तेच तिने काढले : आपल्याकडे वाकून पाहणाऱ्या चार स्त्री शल्यविशारद. पाहणारा आपोआप रोग्याच्या जागी जातो. पुढे जगभरच्या स्त्री शल्यविशारदांनी तशाच उभ्या राहून आपली छायाचित्रे काढली आणि प्रसिद्ध केली. एका चित्राने त्यांना म्हणायला जागा दिली, की आम्हीही आहोत.

दुसरे उदाहरण एडेल रॉड्रिगेझ यांचे. लहानपणी, १९८० मध्ये, ते आईवडिलांबरोबर क्यूबाहून बोटीने अमेरिकेत आले. २०१६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकासाठी त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांचा वितळणारा चेहरा काढला. त्यात डोळे नाहीत, नाक नाही. नारिंगी रंग, पिवळे केस आणि उघडे तोंड एवढेच. तरी चेहरा कोणाचा, हे सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये जर्मनीच्या 'डेर श्पीगेल'साठी त्यांनी याहून जहाल चित्र काढले. ट्रम्प यांच्या एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात स्वातंत्र्यदेवतेचे छाटलेले मस्तक. त्यावर कडाडून टीका झाली. ते चित्र पटावे असा माझा आग्रह नाही. परंतु टीका झाली तेव्हा उत्तर द्यायला माणूस होता, हे मला महत्त्वाचे वाटते. चित्र हे मत असते आणि मताला धनी लागतो.

यंत्राच्या चित्राला हा धनीच नसतो. २०२२ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'ने मुखपृष्ठासाठी मिडजर्नी या यंत्रप्रणालीचे चित्र वापरले. त्या अंकाचा विषयच कृत्रिम बुद्धिमत्ता होता, म्हणून ते शोभले. पण २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतील तीन चित्रकारांनी अशा प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. आमची चित्रे आम्हाला न विचारता यंत्राला शिकवण्यासाठी वापरली, ही त्यांची तक्रार. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चित्रकर्ती मॉली क्रॅबॅपल यांच्या पुढाकाराने संपादकांना जाहीर पत्र गेले : वृत्तपत्रांत माणसांनी काढलेलीच चित्रे छापा.

यावर कोणी म्हणेल, हा प्रगतीला विरोध झाला. शिवाय आपल्या वार्षिकांकाजवळ पैसा कुठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. फ्लेक्सही स्वस्त होता, म्हणूनच तो आला. आणि दुकानदारांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण माझा स्वतःचा फलक फ्लेक्सचाच होता. पण दुकानाच्या पाटीवर नाव आणि भाव असला की भागते. वार्षिकांकाचे तसे नाही. आम्ही काय पाहिले, काय सोसले, काय वाटले, हे सांगण्यासाठी तो निघतो. आतली प्रत्येक कविता, मग ती कच्ची का असेना, विद्यार्थ्याच्या नावाने छापायची आणि मुखपृष्ठ मात्र बेवारशी ठेवायचे, हे कोणत्या न्यायाने? त्या चित्रातली इमारत सुंदर आहे. पण ती आपली नाही. आपल्या इमारतीच्या दारात सायकली असतात, पायऱ्यांवर एस. टी.ची वाट पाहणाऱ्या मुली बसलेल्या असतात. यंत्राला हे कोणी सांगितलेच नाही, आणि त्याने विचारलेही नाही. चित्रकाराने पहिल्याच दिवशी विचारले असते.

म्हणून संपादक मंडळाला माझी नम्र विनंती आहे. मुखपृष्ठाचे काम आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याला रीतसर सांगावे, त्याला मजकूर आधी वाचायला द्यावा आणि अल्प का होईना, मानधन द्यावे. आतल्या पानांत यंत्राचे चित्र वापरायचेच झाले, तर तसे त्याखाली स्पष्ट छापावे. रेघ वाकडी आली तरी चालेल. अंक हातात आल्यावर मी तो आप्पांना दाखवीन. ते पुन्हा तोच प्रश्न विचारतील, आणि या वेळी मला एक नाव सांगायचे आहे.