दुभाजकावर तेरडा का नको?

पावसाळा सरत आला की पुण्याच्या आसपासच्या काही टेकड्या केशरी-पिवळ्या होतात आणि लोक हौसेनं फोटो काढतात. ती फुलं बहुतेक कॉसमॉसची, मूळ मेक्सिकोकडची. बागेतून निसटलेलं हे झाड माळावर माजलं की तिथल्या गवताला आणि रानफुलांना जागाच उरत नाही. बी टाकायला मिनिट पुरतं, पसरलेलं तण काढायला वर्षं जातात. तरीही रस्त्याचा दुभाजक किंवा सोसायटीचा कोपरा सजवायचा म्हटलं की आपण परदेशी बियांचीच पाकिटं आणतो. तेरडा, कुर्डू आणि घाटाजवळच्या गावांत सोनकी ही इथल्याच पावसावर वाढणारी, बियांपासून सहज येणारी झाडं. त्यांचा मान मात्र गौरी आणण्यापुरताच.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणच इथं आडवी येते. एकेक फूल लवकर गळतं हे खरं, पण झाड कित्येक आठवडे फुलत राहतं. पुढे ते वाळतं आणि जागा ओकी दिसते, ही तक्रारही रास्त आहे. पण बारमाही फुलांचा दुभाजक उन्हाळ्यात टँकरवर जगतो, तो खर्च कुणी मोजत नाही. बी विकत मिळत नाही म्हणावं, तर ते वेचता येतं. तेरड्याची पिकत आलेली बोंडं बोटाच्या नुसत्या स्पर्शानं फुटतात, कडा आत वळतात आणि बिया उडतात. म्हणून बोंडाभोवती मूठ अलगद मिटायची. वाळवून कागदाच्या पुडीत ठेवलेलं बी जूनमध्ये भुरभुरलं की झालं. नर्सरीतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा हा त्याला पर्याय नव्हे.

मग सगळीकडेच बी उधळावं का? मुळीच नाही. कासच्या सड्यावर बाहेरचं बी नेऊ नये, तिथलं आणूही नये. कातळावरच्या बोटभर, निकस, ओल्या मातीत जगणारी सीतेची आसवं कुंडीतल्या शेणखतात टिकणार नाहीत. कारवी तर सात वर्षांनी फुलते, तिची घाई कशाला? बी आपल्याच परिसरातलं, तेही झाडावर पुरेसं ठेवून घ्यावं. महापालिकांनी निविदेत नुसतं ‘हंगामी फुलझाडे’ न लिहिता तेरडा, कुर्डू अशी नावं घालावीत आणि माळ्याला बी झडेपर्यंत खुरपं आवरायला सांगावं.