वू-टँग क्लॅन : पुनरागमनाला घरचाच विरोध
न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधून १९९३ साली पुढे आलेल्या वू-टँग क्लॅनने हार्डकोअर हिप-हॉपला रांगडा, खरखरीत सूर दिला. २००१च्या 'आयर्न फ्लॅग'नंतर सहा वर्षांनी, डिसेंबर २००७मध्ये, 'एट डायग्राम्स' आला; दरम्यान २००४मध्ये ओल' डर्टी बास्टर्डचे निधन झाले होते. मात्र या पुनरागमनाला ग्रहण लागले ते घरातूनच. सूत्रधार रिझाने गिटार आणि संथ, गूढ सुरावटींची कास धरली, बीटल्सच्या गाण्याचाही आधार घेतला. रेकवॉन व घोस्टफेस किला यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. घोस्टफेसचा स्वतंत्र अल्बम तर आठवडाभर आधीच बाजारात आला होता! रिझाची प्रयोगशीलता दाद देण्याजोगी खरी. पण नवखेपणी साऱ्यांनी निमूट मानलेला त्याचा एकछत्री अंमल, प्रत्येक जण स्वतंत्र तारा झाल्यावर टिकणार तरी कसा?