गोळीचे नाव पाठ, तारखांचा हिशेब कच्चा

कॉलेजच्या कट्ट्यावर ‘इमर्जन्सी’ गोळीचे नाव कुणाला सांगावे लागत नाही. जाहिरातींनी ते काम केले. ती कधी घ्यायची आणि पाळी चुकल्यावर तिचा उपयोग का नाही, हे विचारले की मात्र गडबड सुरू होते.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ही १.५ मिलिग्रॅमची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी परिणामकारक. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि एचआयव्हीपासून वाचवतही नाही. त्यासाठी निरोधच हवा. दर महिन्याला हीच गोळी घेणे म्हणजे नियोजन नव्हे. सरकारी दवाखान्यांत दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या मोफत मिळतात, डॉक्टरांना विचारून त्या घेता येतात. हॉस्टेलवरच्या किती मुलींना हे ठाऊक असते?

खरे नुकसान होते ते पाळी चुकल्यानंतर. ‘येईल उद्या’ म्हणत दिवस ढकलले जातात. पाळी चुकताच घरच्या घरी लघवीची चाचणी करता येते. ‘निगेटिव्ह’ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवडाभराने पुन्हा करावी. त्यातही एक गोष्ट अनेकांना चकवते: गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या दिवसापासून नाही. म्हणजे पाळी दोन आठवडे लांबली, तेव्हा सहा आठवडे झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात होतो तो नवव्या आठवड्यापर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळ्या, गर्भ नलिकेत असेल तर, जिवावर बेतू शकतात.

कायदा मात्र मुलींच्या बाजूने आहे. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. वय १८ पूर्ण असेल तर फक्त तिची संमती लागते, आई-वडिलांची नाही. तिचे नाव बेकायदा फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एवढे असून केसपेपर काढतानाच ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न येतो, तोही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये काढले. या कामापायी त्यांना कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे २००७ मध्ये याच राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. त्या वातावरणात वाढलेल्या मुलांना दोष कसला द्यायचा?

प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात. त्यासोबतच या तारखा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता असलेले एक पान द्यावे. मुलांनाही द्यावे, मेडिकलच्या काउंटरवर पुष्कळदा तेच उभे असतात.