अशिलाचा पैसा आणि वकिलाचा जुगार

वकिलाने संध्याकाळी मोबाइलवर रमी खेळली, आयपीएलवर पैसे लावले किंवा गोव्याच्या कॅसिनोत रात्र काढली तर तो त्याचा खासगी मामला, कोर्टात नीट उभा राहतो ना तेवढे बघा, असे म्हणणारा एक पक्ष आहे. या पक्षाला कायद्याचा थोडा आधार आहे, हे आधीच कबूल करू. घेरूलाल पारख खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैजेचा करार शून्य असला, तरी तेवढ्याने तो बेकायदा किंवा अनैतिक ठरत नाही. पण त्याच्या दोन वर्षे आधी चमारबागवाला प्रकरणात हेच न्यायालय म्हणाले होते की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. जुन्या मुंबई इलाख्याने तर १८६५ सालीच पैजेपोटी केलेले पूरक व्यवहारही शून्य ठरवले होते. सगळे एकत्र वाचले की अर्थ असा निघतो: स्वतःच्या खिशातले लाव, आणि हरलास तर वसुलीसाठी आमच्या दारात येऊ नकोस. ‘खासगी मामला’ हा युक्तिवाद ‘स्वतःचा खिसा’ या दोन शब्दांवर उभा आहे, आणि वकिलाच्या बाबतीत नेमके तेच दोन शब्द टिकत नाहीत.

मांजर्लीसारख्या उपनगरी वस्तीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा कर्ता माणूस लोकलमधून पडून गेला, तर रेल्वेची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. त्या घरातल्या बाईने आयुष्यात एवढी रक्कम एकत्र पाहिलेली नसते. ती वकीलपत्रावर सही करते, खाली वकिलांच्या कल्याण निधीचे, म्हणजे वेल्फेअरचे, तिकीट लागते. वरच्या बारीक छापील मजकुरात तडजोड करण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा, कोर्टातून पैसे उचलण्याचा अधिकार एका दमात देऊन टाकलेला असतो. ती ओळ तिला कोणी वाचून दाखवत नाही. हरिश्चंद्र तिवारी विरुद्ध बैजू या प्रकरणात असेच घडले. भूसंपादनाच्या भरपाईचे ८,११८ रुपये वकिलाने उचलले आणि वृद्ध, निरक्षर अशिलाला दिलेच नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षे सनद निलंबित केली होती. सर्वोच्च न्यायालयाला २००२ साली ते अपुरे वाटले आणि त्या वकिलाचे नाव पटावरूनच काढले गेले. त्या खटल्यात जुगाराचा संबंध नव्हता. पण पैसा कोणत्या कारणाने गेला याने अशिलाला काय फरक पडतो? बार कौन्सिलचा नियम २५ अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवायला सांगतो आणि नियम ३१ हातातल्या निधीचे कर्जात रूपांतर करायला मनाई करतो. ‘उद्या जिंकलो की भरून टाकतो’ ही जुगाऱ्याची समजूत म्हणजे अशिलाला न विचारता त्याच्याकडून घेतलेले कर्जच. द्यूतसभेत द्रौपदीने हाच मुद्दा काढला होता: जो स्वतःच हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा हक्क कुठून आला? सभेतल्या बहुतेक जाणत्यांना धड उत्तर देता आले नाही.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. जुगारी वकील दिसला की सनद काढा, मामला संपला. हे ऐकायला कडक वाटते, पण चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा विकार म्हणून नोंदलेला आहे. लपवणे आणि गेलेले परत मिळवण्यासाठी आणखी लावत जाणे, ही त्याची ओळखीची लक्षणे. दारूला वास तरी येतो, याला येत नाही. बोललो की सनद गेली, अशी धास्ती असेल तर माणूस शेवटच्या रुपयापर्यंत गप्प राहतो, आणि तो शेवटचा रुपया बहुधा अशिलाचा असतो. अमेरिकेत वकिलांसाठी गोपनीय साहाय्य-योजना आहेत. मान्यताप्राप्त योजनेत मदत मागताना जे सांगितले जाते, ते शिस्तभंग यंत्रणेला कळवण्याची सक्ती तिथल्या नमुना नियमांत नाही. आपल्याकडे वेल्फेअरच्या तिकिटातून जमणाऱ्या निधीने अशा मदतीचाही भार उचलावा. मात्र आजार ही सबब नव्हे. आजाऱ्याला उपचाराचा हक्क आहे, दुसऱ्याचा पैसा हाताळण्याचा नाही. मिरगीच्या रुग्णाला आपण गुन्हेगार मानत नाही, तरी बसचे स्टिअरिंगही देत नाही.

आता तर ऑनलाइन पैशाचे खेळ २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदच केले, मग प्रश्न उरला कुठे, असे कोणी म्हणेल. तो कायदा खेळ चालवणाऱ्याला शिक्षा करतो, खेळणाऱ्याला नाही, आणि ते योग्यच आहे. पण बंदीने खोड जाते, हा भाबडेपणा. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, आणि कल्याणजी भगतचा मटका १९६२ मध्ये त्याच्या नाकावर टिच्चून सुरू झाला. ॲप बंद झाले की गिऱ्हाईक बुकीकडे जाते, आणि बुकी उधारीवर खेळवतो. फौजदारी वकिलाच्या दृष्टीने हे अधिक वाईट. उल्हासनगर-कल्याणच्या कोर्टांत क्रिकेट सट्ट्याची प्रकरणे नवी नाहीत. ज्याच्या जामिनासाठी उभे राहायचे त्याचेच देणे डोक्यावर असेल, तर वकील कोणाच्या बाजूने बोलतो आहे, हे सांगणे कठीण. पैसा बुडायच्या आधीच त्याचे स्वातंत्र्य गेलेले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की वकील खेळतो का, ही चौकशी करत बसण्याऐवजी पैशाची वाटच बदलावी. अपघाताच्या दाव्यांत भरपाई थेट अर्जदाराच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आहेच. ती जिथे शक्य असेल तिथे सर्वत्र लावावी. जिथे रक्कम वकिलाच्या हातातून जाणे अटळ आहे, तिथे तिच्यासाठी स्वतंत्र बँक खाते सक्तीचे असावे. जामीन आणि चेक बाउन्सच्या कामांवर गुजराण करणाऱ्या छोट्या वकिलावर हा बोजा होईल, ही तक्रार मला पटत नाही. हिशेब ठेवण्याचे बंधन त्याच्यावर आजही आहे. वेगळ्या खात्याने ते उलट सोपे होईल. सगळ्यांवर संशय घेता, हा आक्षेप त्याहून लंगडा. व्यसनी कोण हे बाहेरून ओळखताच येत नसेल, तर नियम सगळ्यांनाच लावावा लागतो, आणि जो खेळत नाही त्याचे यात काहीच जात नाही. आणि वकीलपत्रातली पैसे उचलण्याची ती ओळ मुळात छापूच नये. खरोखर गरज असेल त्या कामात ती हाताने लिहावी, अशिलाला वाचून दाखवावी आणि तिच्यापुढे त्याची वेगळी सही घ्यावी.