शेवट लिहावा लागतो

संगणकाच्या आज्ञावलीचा साहित्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. मध्यंतरी जाफराबादेस एका स्नेह्यांकडे जाईपर्यंत आम्हीही तेच विचारले असते. त्यांची कन्या पदवीच्या पहिल्या वर्षास आहे. इंटेलने १९७८ साली आणलेल्या ८०८६ या प्रोसेसरची असेंब्ली भाषा तिला अभ्यासास आहे. पाच ओळींत पाच-पाच तारे उमटवायचे होते. पडद्यावर मात्र ताऱ्यांची रीघ थांबेना. "काका, हे मला जमणारं नाही. विषयच सोडते," ती म्हणाली.

आम्हांस असेंब्ली येत नाही. ही ओळ काय म्हणते, एवढेच आम्ही विचारीत गेलो आणि प्रत्येक ओळीनंतर सीएक्स या रजिस्टरमधील संख्या तिला कागदावर मांडायला लावली. 'लूप' ही आज्ञा सीएक्समधून एक वजा करते आणि शून्य उरले तरच फेरा सोडते. तिने आतल्या व बाहेरच्या दोन्ही फेऱ्यांची मोजणी सीएक्समध्येच ठेवली होती. आतला फेरा संपता तेथे शून्य उरे. बाहेरची 'लूप' त्यातूनही एक वजा करी आणि सोळा बिटांच्या त्या जागेत ६५,५३५ येई. ते शून्य नसल्याने पुन्हा प्रारंभ. कागदावर हे दिसताच तिनेच उपाय सुचवला: बाहेरची संख्या 'पुश'ने स्टॅकवर ठेवायची, आतला फेरा संपल्यावर 'पॉप'ने परत घ्यायची.

पाच ओळी नीट उमटल्या. पण त्यांच्यामागून भलतीच चिन्हे आली आणि पडदा गोठला. एएचमध्ये ४सीएच ठेवून 'इंट २१एच' म्हणायचे, म्हणजे डॉस आज्ञावली संपवतो. त्या दोन ओळी गळल्या होत्या. वाचक कादंबरीच्या शेवटच्या पानावर आपसूक थांबतो. प्रोसेसर पुढच्या मेमरीत जे अंक असतील त्यांनाच आज्ञा समजून चालत राहतो. "त्या ओळी नुसत्या पाठ केल्या होत्या," ती म्हणाली.

आमचा आक्षेप या पाठांतरास आहे, आणि त्यात आम्ही साहित्याचे शिक्षकही दोषी आहोत. लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, असे विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली मांडले. आपण त्यावर टिपणे देतो आणि मुले तीही पाठ करतात. संहितेत काय आहे हे ओळीओळीने पाहण्याची सवय मात्र लागत नाही. ही मुलगी आपल्या मनात योजलेली आज्ञावली वाचत होती; यंत्र लिहिलेली वाचत होते. एवढ्या अंतरापायी ती स्वतःस मंदबुद्धी ठरवून विषय सोडणार होती.

असेंब्लीच्या पहिल्या तासिकांत संगणक बंद ठेवावा आणि कागदावर कोष्टक मांडून वाचायला शिकवावे, असे आमचे मत आहे. कवितेच्या तासालाही मार्गदर्शक पुस्तके मिटवून हेच करता येईल. त्या मुलीने विषय सोडलेला नाही.