आकडा सांगणाऱ्याचे ऐकणार कोण?

रोग्याच्या उशाशी बसणारा डॉक्टर समाजाला ठाऊक असतो. त्याच्याविषयी घराघरांत कृतज्ञताही असते. शासकीय सेवेतील साथरोगतज्ज्ञाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. त्याचा रुग्ण म्हणजे एखादी वस्ती, एखादे गाव, कधी अवघा जिल्हा. त्याचे काम साधले तर काहीच घडत नाही, आणि जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोणी कोणाला द्यायचे? काम फसले, की मात्र ‘इतके दिवस ही मंडळी काय करीत होती?’ असा प्रश्न विचारायला सारे पुढे सरसावतात.

२०२० च्या मार्चपासून काही काळ हे चित्र पालटले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथरोग विभागाचे तत्कालीन प्रमुख डॉ. रमण गंगाखेडकर पत्रकार परिषदांतून शांतपणे बोलत आणि मराठी घरांतून त्यांना आपला माणूस म्हणून ऐकले जाई. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. परंतु पुण्यातही त्यांचे नाव त्यापूर्वी कितीजणांना माहीत होते? महामारीने ही ओळख करून दिली. महामारी ओसरली आणि ती शास्त्रशाखा पुन्हा विस्मरणात गेली.

या कामाचे स्वरूप तरी काय असते? २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने उपकेंद्रातील सेविका, दवाखान्यातील डॉक्टर आणि प्रयोगशाळा या तिघांकडून आठवड्याला माहिती मागविण्याची पद्धत घालून दिली. ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. वर्षानुवर्षे हे आकडे कंटाळवाणे असतात. एखाद्या आठवड्यात एका गावाचा आकडा थोडा वर सरकतो आणि तो नजरेने टिपणारा माणूस खुर्चीत असेल, तर दुसऱ्या दिवशी त्या गावच्या पाण्याचा नमुना तपासला जातो. मे २०१८ मध्ये कोझिकोड जिल्ह्यात एका कुटुंबात एकामागोमाग दुसरा माणूस त्याच लक्षणांनी आजारी पडला. डॉक्टरांना शंका आली, मणिपाल व पुणे येथील प्रयोगशाळांनी निपाह विषाणूचे निदान केले. पुढे रुग्णांच्या संपर्कात आलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या याद्या करून त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. साथ त्या परिसराबाहेर फारशी पसरली नाही. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सारे पार पडले, तर ते असे.

मात्र पुस्तकात नसलेला एक भाग आहे, आणि तोच या सेवेतील सर्वांत अवघड भाग आहे. आकडा काढणे शास्त्राचे काम. नको असलेला आकडा सांगणे हे धैर्याचे काम. आणि तो ऐकून घेणे हे राज्यकर्त्यांचे व समाजाचे काम.

४ फेब्रुवारी २०२१ हा दिवस आठवावा. सप्टेंबर २०२० मध्ये दिवसाला सुमारे ९७ हजारांवर गेलेली रुग्णसंख्या तेव्हा दहा-बारा हजारांवर आली होती. लस आली होती. देश सुटकेचा निःश्वास टाकत होता. त्या दिवशी परिषदेने आपल्या तिसऱ्या राष्ट्रीय रक्त-सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले. ७० जिल्ह्यांतील नमुन्यांवरून प्रौढांपैकी २१.४ टक्क्यांच्या शरीरात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. याचा सरळ अर्थ, दर शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक प्रौढांना संसर्ग अजून शिवलाच नव्हता. लोकसंख्येचा मोठा भाग असुरक्षित आहे, हे परिषदेने त्याच वेळी स्पष्ट केले. हे कोणा विरोधकाचे वा परदेशी पंडिताचे भाकीत नव्हते. शासनाच्याच संस्थेने शासनाच्याच व्यासपीठावरून सांगितलेले वास्तव होते.

ते ऐकले कोणी? लग्नांचे मांडव पडत राहिले, प्रचारसभा झाल्या, मेळे भरले, मुखपट्ट्या हनुवटीवर आल्या. फेब्रुवारीच्या मध्यास अमरावतीत रुग्ण वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून तेथे पुन्हा टाळेबंदी लागली. उर्वरित महाराष्ट्राने ती अमरावतीची स्थानिक अडचण मानली. ६ मे २०२१ रोजी देशात एका दिवसात चार लाख चौदा हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूच्या टाकीसाठी रात्र रात्र फिरलेली कुटुंबे आज प्रत्येक गावात आहेत. याचा दोष केवळ एका सत्तेवर टाकणे सोपे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. या दुर्लक्षात सर्व पक्ष, सर्व राज्ये आणि आपण सुशिक्षित म्हणवणारेही सहभागी होतो.

याच्या नेमकी उलट चूक पुण्याने १८९७ मध्ये अनुभवली आहे. प्लेगच्या नावाखाली रँडच्या समितीने गोरे सोजीर घराघरांत घुसविले, देवघरे विटाळली, स्त्रियांची अप्रतिष्ठा केली. लोक रोगी लपवू लागले, कारण रोगापेक्षा तपासणीचे भय मोठे झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याचे उत्तर दिले. परक्या सत्तेला माणसे मोजायची होती, त्यांचा विश्वास नको होता. गंमत अशी, की त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये स्वतंत्र भारताला वापरावा लागला. फरक पडला तो दारी आलेल्या माणसामुळे. दारावर बंदूकधारी शिपाई नव्हता, गावातलीच आशा सेविका होती. तिच्या वहीतील नोंदींवरच जिल्ह्याच्या साथरोगतज्ज्ञाचे सारे शास्त्र उभे होते.

आणि तो तज्ज्ञ कोणत्या अवस्थेत काम करतो? जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षातील हे पद बहुधा कंत्राटी असते. मुदत संपत आली की नूतनीकरणाच्या कागदाची वाट पाहायची, आणि त्याच काळात वरिष्ठांना सांगायचे, की आपली यात्रा पुढे ढकला, आपला आकडा कमी दाखवू नका. अशा माणसाकडून निर्भीडपणाची अपेक्षा करणे ही आपली सोय झाली.

मार्ग अज्ञात नाही. मद्रास प्रांताने १९३९ मध्ये स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य कायदा केला. तामिळनाडूत रोगनिवारणाची वेगळी यंत्रणा व वेगळा अधिकारीवर्ग तेव्हापासून टिकून आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांना असा संवर्ग उभारण्यास सांगितले, २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वेही दिली. महाराष्ट्रात मुंबईची हाफकिन संस्था आहे, पुण्याची विषाणू संस्था आहे, बुद्धिमान तरुण डॉक्टर आहेत. त्यांतील किती जण जिल्हा परिषदेच्या इमारतीत बसून तापाचे तक्ते वाचायला तयार होतील, हे त्या खुर्चीला शासन कायमचा अधिकारी देते की ‘अतिरिक्त कार्यभार’, यावर ठरणार आहे.