ओळख इंग्रजीची : ‘सिन्स’ आणि ‘फॉर’

मराठीतील ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय मोठे सोशिक आहे. ‘सोमवारपासून ताप आहे’ म्हणा किंवा ‘चार दिवसांपासून ताप आहे’ म्हणा; ते दोन्हीकडे निमूटपणे राबते. इंग्रजीत मात्र हे काम दोन शब्दांनी वाटून घेतले आहे, आणि आपल्या मुलांची गफलत नेमकी येथेच होते.

काळ जेथून सुरू झाला तो वार, सन किंवा प्रसंग सांगावयाचा असेल, तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. काळाची लांबी सांगावयाची असेल, तर ‘फॉर’: फॉर फोर डेज. म्हणून ‘सिन्स फोर डेज’ हे अशुद्ध होय. ‘केव्हापासून?’ याचे उत्तर पंचांगावर बोट ठेवून दाखविता आले, तर ‘सिन्स’, ‘किती काळ?’ याचे उत्तर मोजून द्यावे लागले, तर ‘फॉर’.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘मी येथे दहा वर्षांपासून राहतो’ असे आपण वर्तमानकाळात बोलतो. इंग्रजीत तेथे ‘आय ॲम लिव्हिंग’ चालत नाही. ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असेच हवे. ‘फॉर’ मात्र साध्या भूतकाळाशीही जुळवून घेतो, आणि मग अर्थ पालटतो.

उदाहरण पाहा. मध्य भारत राज्य १९४८ साली झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात विलीन झाले. तेव्हा ‘इंदूर वॉज इन मध्य भारत फॉर एट इयर्स’ येथे गोष्ट संपली. ‘इंदूर हॅज बीन इन मध्य प्रदेश सिन्स १९५६’ येथे ती अजून चालू आहे.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. रहिवासासंबंधीच्या एखाद्या अर्जात ‘अवर फॅमिली लिव्ह्ड हिअर फॉर अ हंड्रेड इयर्स’ असे लिहिले, तर वाचणारा समजेल की ही मंडळी गाव सोडून गेली. ‘लिव्ह्ड’च्या आधी ‘हॅज’ घातले, की कुटुंब जागच्या जागी राहते. चार पिढ्यांचे बिऱ्हाड एका गाळलेल्या शब्दाने उठू नये.

मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आपण या गावी केव्हा आलो? मग तेच उत्तर एकदा ‘सिन्स’ने आणि एकदा ‘फॉर’ने लिहावे.